चाळीस कट्टे

सोलापूरच्या पूर्व भागात दिवस सुपापासून सुरू होतो. रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली तेंदूची पानं बाहेर निघतात, कात्रीनं मापात कापली जातात, आणि उंबऱ्याशी जिथं उजेड पडतो तिथं बायका मांडीवर सूप घेऊन बसतात. शेजारच्या खोलीतून यंत्रमागाचा खडखडाट येत असतो. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांची एक हजार बिडी. कारखान्यात माल दिला की तपासणाऱ्याचा हात त्यावरून फिरतो. वाकडी, सैल, तोंड नीट न दुमडलेली बिडी छाटात जाते आणि छाटाचे पैसे मिळत नाहीत. तिसरीत शाळा सुटलेली बाईसुद्धा सुपातल्या पानांकडे बघून सांगते, यातून किती कट्टे निघतील आणि किती बिड्या छाटात जातील. या बायकांना हिशेब कळत नाही असं कुणी म्हटलं की मला राग येतो, तो यामुळं.

ही गोष्ट अशाच एका बाईची. बोळात तिला सगळे वहिनी म्हणतात. आपणही तेच म्हणू.

वहिनीची खोली अशोक चौकाच्या मागच्या अंगाला, दहा बाय बाराची, पुढं पत्र्याची पडवी. नवरा टॉवेलच्या मागावर. सासूला साखरेचा आणि रक्तदाबाचा आजार. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत. खोलीचं भाडं महिना २,८०० रुपये. त्या डिसेंबरात तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. घरमालक वयस्क, मवाळ बोलण्याचा माणूस. पहिल्या महिन्यात तो काही बोलला नाही, दुसऱ्या महिन्यात जिन्यात भेटल्यावर नुसता थांबला. तिसऱ्या महिन्यात दारात येऊन म्हणाला, "गड्डा झाला की खोली रिकामी करा, ताई. दुसरं भाडेकरू आलंय."

गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा. सोलापूरकरांचं वर्ष नंदीध्वजांच्या त्या मिरवणुकीला येऊन टेकतं. पोरांनी पाळण्यात बसायचे बेत आधीच केले होते. वहिनी मात्र त्या दिवसापासून गड्ड्याचे दिवस मोजू लागली, आणि मोजताना तिच्या पोटात खड्डा पडायचा.

भाड्याची खोली सुटली की तिच्याबरोबर काय काय सुटतं, हे ज्यांच्यावर ती वेळ आली नाही त्यांना पटकन कळत नाही. नव्या मालकाला डिपॉझिट लागतं, तेही एकरकमी. टेम्पोचे पैसे लागतात. शाळा लांब पडते. बिडीचा कारखाना बोळाच्या तोंडाशी होता, तो आता दोन मैलांवर जातो. ओळखीच्या किराणा दुकानात आठ दिवस थांबणारी उधारी नव्या गल्लीत कुणी देत नाही. पैसे कमी म्हणून खोली सुटते आणि खोली सुटली म्हणून पैसे आणखी कमी होतात. एकदा या चक्रात सापडलेली कुटुंबं वर्षा-दीड वर्षात तीन-तीन खोल्या बदलताना मी पाहिली आहेत. पोरांची शाळा अशाच एखाद्या बदलात कायमची सुटते.

वहिनीनं नवऱ्याला मालकाचा निरोप सांगितला. तो म्हणाला, "बघू." मग दोघंही गप्प झाले. त्या गप्पपणात दोघांचं एकेक गुपित दडलेलं होतं, आणि आपलं दुसऱ्याला कळेल या भीतीनं दोघंही पैशाचा विषय काढत नव्हते.

अक्का तिच्या दारात आली ती बचत गटाच्या कामानं. अक्काचं वय साठीच्या पुढं. आयुष्यभर बिडी वळली, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून गटांचं काम बघते. राहायला कुंभारीच्या घरकुलात. सोलापूरबाहेरच्या वाचकासाठी दोन शब्द सांगतो. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावानं महिला विडी कामगारांनी सहकारी संस्था उभी केली, आडम मास्तर म्हणजे नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आणि दहा हजार घरांची वसाहत कुंभारीच्या माळावर उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ ला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. एका घराचा खर्च साठ हजार रुपये. वीस हजार केंद्र सरकारचे, वीस हजार राज्य सरकारचे आणि वीस हजार त्या बाईचे स्वतःचे. बिडीच्या मजुरीतून काढलेले हे शेवटचे वीस हजार मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. पुढं त्याच परिसरात रे नगर उभं राहिलं. तीस हजार घरांची ती योजना. १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना मिळाला. तिथंही केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख धरल्यावर उरलेली रक्कम कामगारानंच उभी करायची होती.

वहिनीला रे नगरचा अर्ज भरायचा होता. तेव्हा हातात पैसे नव्हते. अक्काच्या घरकुलाकडं ती बोट दाखवायची, "तुमचं बरं आहे अक्का, स्वतःचं आहे." अक्का त्यावर म्हणायची, "घर मिळवायला आम्ही मोर्चे काढले पोरी. मिळालेलं टिकवायला कुणी मोर्चा काढत नाही, ते ज्याचं त्यानं घरात बसून करायचं असतं."

त्या दिवशी अक्काला वहिनीच्या चेहऱ्यावरून कळलं. ती उंबऱ्यातच बसली. "काय लपवायलीस?"

"काही नाही अक्का."

"माझ्या बापानंबी काही नाही म्हटलं होतं." मग अक्कानं सांगितलं. तिचे वडील गिरणीत होते. ज्या काळात सोलापूर म्हणजे गिरण्यांचे भोंगे होते, त्या काळातलं हे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात सावकाराचा माणूस उभा असायचा. वडील पगार घेऊन बाहेर आले की पहिला हात त्याचा पडायचा, उरलेलं घरी यायचं. आईला वाटायचं पगारच तेवढा आहे. एका रात्री चाळीतली खोली सोडावी लागली, हातगाड्यावर भांडी ठेवताना आईला पहिल्यांदा आकडा कळला. "आई पैशासाठी रडली नाही," अक्का म्हणाली. "आठ वर्षं शेजारी झोपणारा माणूस बोलला नाही म्हणून रडली. आकडा आधी कळला असता तर तिनं पाटल्या मोडल्या असत्या, दोन घरची धुणीभांडी धरली असती. खोली राहिली असती."

वहिनीनं सूप खाली ठेवलं. बराच वेळ ती बोटांवरची तंबाखू पुसत राहिली. मग म्हणाली, "रात्री या अक्का. हे घरी असताना या."

रात्री अक्का आली तेव्हा सकाळी द्यायच्या मालाचे कट्टे टोपल्यात रचून ठेवलेले होते. बरोबर चाळीस. पोरं झोपली होती. सासू पडवीत पडून होती, पण जागी. नवरा भिंतीला टेकून बसलेला. अक्कानं वही मागितली नाही, पेन मागितलं नाही. टोपलं मध्ये ओढलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून महिन्याला काय आणता?"

वहिनी म्हणाली, "यांचे अकरा हजार, माझे पाच. सोळा हजार."

"म्हणजे एक कट्टा चारशे रुपयांचा झाला. आता हे चाळीस कट्टे फरशीवर मांड. कुणाला किती द्यायचे, ते ढीग कर. खरे कर."

वहिनीनं मांडायला सुरुवात केली. किराणा, दूध, गॅस, भाजी, पंधरा कट्टे. शाळा, वह्या, रिक्षा, तीन. लाइटबिल दोन. सासूच्या गोळ्या तीन. नवऱ्याची भिशी दोन. मग तिचा हात थांबला, आणि तिनं पटापट दोन ढीग केले. पहिल्या गटकर्जाचा हप्ता आठवड्याला सहाशे, महिन्याचे सहा कट्टे. दुसऱ्याचा आठवड्याला पाचशे, महिन्याचे पाच. टोपल्यात चार कट्टे उरले.

"भाड्याला किती लागतात?"

"सात."

"चारच आहेत की."

वहिनी म्हणाली, "चारबी नाहीत." तिनं ते चार उचलले, बाजूला ठेवले, आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "पाच लागतात याला. बाबा आजारी होते तेव्हा मी वीस हजार उचललेत. महिना शेकडा दहानं. दर महिन्याला दोन हजार नुसतं व्याज जातंय. चौदा महिने झाले."

खोलीत फक्त शेजारच्या मागाचा आवाज होता. अक्कानं मध्ये बोलायची घाई केली नाही. माझ्या मते तिचं सगळ्यांत मोठं कसब हेच. सल्ला द्यायला गेलेला माणूस अशा वेळी हमखास उपदेश करतो, आणि समोरचं माणूस पुन्हा मिटतं.

नवरा पुढं सरकला. वहिनीला वाटलं आता हा ओरडेल. त्यानं किराण्याच्या ढिगातून तीन कट्टे उचलले आणि परत टोपल्यात टाकले. म्हणाला, "हे मोजू नकोस. माझे अकरा नाहीत. नऊ हजार आठशे हातात येतात."

"काम निघालं नाही म्हणून?"

"काम निघतंय. टाळेबंदीत माग बंद होते तेव्हा मालकाकडून मिळालेले पैसे, ती मदत नव्हती. उचल होती. अजून कापून घ्यायलेत."

वहिनी चार वर्षं त्या मालकाला दुवा देत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि तिला हसावं की रडावं कळेना. पडवीतून सासू म्हणाली, "मला म्हातारीला तर दोन्ही ठाऊक होतं." तिला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं होतं, दुसऱ्याला सांगू नको म्हणून.

आता हिशेब उघडा पडला. हातात सदतीस कट्टे. मागणारे अठ्ठेचाळीस. अकरा कट्टे, म्हणजे दर महिन्याला ४,४०० रुपये कमी. ते कधी ताटातून निघत होते, कधी गोळ्या अर्ध्या करून, कधी एका गटाचं कर्ज काढून दुसऱ्याचा हप्ता भरून. आणि गेले तीन महिने ते भाड्यातून निघत होते.

अक्कानं विचारलं, "भाडंच का चुकवलं? दुसरं काही का नाही?"

वहिनी विचार करून म्हणाली, "गटाच्या बैठकीला नाही गेलं तर चार बायकांसमोर नाव निघतं. सावकाराचा माणूस दारात ओरडतो. भाडेवाले मालक काही बोलत नाहीत."

गरिबाच्या घरात पैसा कसा वाटला जातो हे इतक्या नेमक्या शब्दांत मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. जो जोरात ओरडतो त्याला आधी, जो गप्प बसतो त्याला शेवटी. निकड कुठली मोठी, हे आवाजावरून ठरतं. आणि गप्प बसणारा नेमका तोच असतो ज्याच्या हातात डोक्यावरचं छप्पर असतं.

अक्कानं सगळे ढीग मोडले. सदतीस कट्टे पुन्हा टोपल्यात भरले. म्हणाली, "आता माझ्या पद्धतीनं मांडू. पहिला ढीग छपराचा." सात कट्टे मोजून तिनं देव्हाऱ्याखाली ठेवले. "याला कुणी ओरडलं तरी हात लावायचा नाही. तुमचा पगार आठवड्याला होतो, भाडं महिन्याला जातं. महिना संपेपर्यंत सातशेचे सत्तर राहतात. म्हणून पगार आला की त्याच संध्याकाळी सातशे बाजूला. चार आठवडे, भाडं तयार."

त्या रात्री आणि पुढच्या दोन-तीन बैठकांत त्यांनी जे ठरवलं त्यात चमत्कार कुठलाच नव्हता. नवऱ्याची भिशी बारा जणांची, आठशेची. त्यानं मित्रांना खरं सांगून आपला नंबर पुढं घेतला. ९,६०० रुपये हातात आले. दुसऱ्या गटकर्जाचे आठ हप्ते, म्हणजे चार हजार रुपये उरले होते, ते त्यातून एकदम फेडून टाकले. सूक्ष्म कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो वहिनीला कुणी सांगितलेला नव्हता. सासूच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून जनऔषधीच्या दुकानातून आणल्या, तीन कट्ट्यांचं काम एका कट्ट्यात झालं.

उरलेले ५,६०० रुपये घेऊन तिघं घरमालकाकडं गेली. मालकानं बोलवायच्या आत गेली, यावर अक्काचा भर होता. वाटेत वहिनी म्हणाली, "अक्का, कायदा आपल्या बाजूनं आहे का?" अक्काला ते माहीत होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. थकलेल्या भाड्यासाठी भाडेकरूवर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावं लागतं. मालकाला पाणी आणि लाइट तोडता येत नाही. भाडं घेतलं की पावती द्यावीच लागते, आणि करार नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. हे सगळं सांगून अक्का म्हणाली, "पण कायदा पिशवीत राहू दे. आधी तोंडानं बोलू."

वहिनीनं दोन महिन्यांचं भाडं समोर ठेवलं. उरलेल्या एका महिन्याचे २,८०० दर महिन्याला चारशे याप्रमाणं सात महिन्यांत देईन म्हणाली, आणि चालू भाडं पाच तारखेच्या आत. मालक नोटा मोजत नव्हता, तिच्याकडं बघत होता. म्हणाला, "मी वरचा मजला पतसंस्थेच्या कर्जावर बांधलाय ताई. तुमचं भाडं आलं की माझा हप्ता जातो. तुम्ही तीन महिने जिन्यात मान खाली घालून जात होता. मला वाटलं, द्यायचंच नाही यांना. एकदा बोलला असता तर मी दुसरं भाडेकरू बघितलंच नसतं." त्यानं पावती दिली. दुसऱ्या भाडेकरूला नाही म्हणून सांगितलं. सगळे मालक असे नसतात हे मला ठाऊक आहे. पण आधी जाऊन बोलणाऱ्या भाडेकरूला उभं न करणारे मालकही मी समजत होतो त्याहून कमी निघाले.

सावकाराचं काम मात्र अवघड होतं. तो त्याच बोळाच्या टोकाला राहायचा आणि त्याच्याकडं वहिनीचा सही केलेला कोरा चेक होता. महिना शेकडा दहा म्हणजे वर्षाला एकशेवीस टक्के. महाराष्ट्रात सावकारी करायला परवाना लागतो, २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. शेतकरी नसलेल्या माणसाला तारणाशिवाय दिलेल्या कर्जावर परवानाधारकाला वर्षाला अठरा टक्क्यांपर्यंतच व्याज घ्यायची मुभा शासनानं दिली. मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करायचं नाही हा आपल्याकडचा दामदुपटीचा जुना नियम, तोही या कायद्यात आहे. विनापरवाना धंदा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वहिनीनं वीस हजारांवर अठ्ठावीस हजार व्याज भरलं होतं, आणि मुद्दल जिथल्या तिथं.

"पण पुरावा काय?" नवरा म्हणाला. "त्यानं कधी चिठ्ठी दिली नाही."

वहिनी उठली, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवलं. दर महिन्याच्या पानाच्या मागं पेन्सिलीनं बारीक आकडा होता, तारीख होती, आणि कोण घेऊन गेला त्याची खूण होती. चौदा पानं. दर महिन्याला एकटीनं ती हे लिहून पान उलटत होती. अक्कानं ते कॅलेंडर हातात घेतलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हिशेब वहिनीला पहिल्यापासून येत होता. तो दाखवायला तिला माणूस मिळत नव्हता.

जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं तक्रार करता येते. अर्ज लिहायला दोन दिवस लागले, भीती जायला त्याहून जास्त. पहिल्या दिवशी वहिनी कार्यालयाच्या फाटकातून परत आली. दुसऱ्या दिवशी नवरा मागावर खाडा करून बरोबर आला. गटातल्या चार बायका आल्या. अर्ज दिला, पोच घेतली. चौकशीचं बोलावणं गेलं, त्यानंतर काही दिवसांनी बोळातल्याच एका वडीलधाऱ्या माणसाच्या हातून तो कोरा चेक परत आला. व्याज मागायला कुणी आलं नाही. दरवेळी असं सरळ होत नाही. काही ठिकाणी धमक्या येतात, शेजारी तोंड फिरवतात, म्हणूनच अशा अर्जाला एकट्या बाईनं जाऊ नये. पण वहिनीच्या बाबतीत असं घडलं.

आता पुन्हा कट्टे मांडून बघू. छपराचे सात. थकलेल्या भाड्याचा एक. किराणा पंधरा, शाळा तीन, लाइट दोन, गोळ्यांचा एक. गटकर्ज सहा, भिशी दोन. बेरीज सदतीस. हातातही सदतीस. एक कट्टासुद्धा शिल्लक नाही, आणि वर्षभरात पहिल्यांदा एकही कमी नाही.

अमेरिकेत १९६८ च्या गृहनिर्माण कायद्यानं घर वाचवण्यासाठी कुटुंबाला पैशाचा सल्ला देणारी माणसं सरकारी व्यवस्थेत आणली. आपल्याकडं बँकांची आर्थिक साक्षरता केंद्रं आहेत, महिला आर्थिक विकास महामंडळाच्या सहयोगिनी वस्त्यांत फिरतात, त्यातल्या कितीतरी जणी मनापासून काम करतात. पण या शिबिरांत बहुतेक वेळा बचतीचं महत्त्व सांगितलं जातं. ताटातली भाकरी अर्धी करून हप्ता भरणाऱ्या बाईला बचत शिकवायची? तिला हवं असतं ते कुणीतरी तिच्या फरशीवर बसणं, तिच्या नवऱ्यासमोर बसणं, आणि लपवलेला आकडा तोंडातून बाहेर येईपर्यंत गप्प राहणं. शिबिराच्या फळ्यावर हे होत नाही. यासाठी गल्लीतलीच बाई लागते, जिच्या हाताला तंबाखूचा वास आहे आणि जिच्यावर हे बेतून गेलेलं आहे. अशा अक्कांना मानधन मिळालं पाहिजे, रिक्षाभाडं मिळालं पाहिजे. आज त्या बहुतेक पदरमोड करून फिरतात.

त्या वर्षी गड्ड्याला वहिनीनं पोरांना नेलं. पाळण्यात बसवलं नाही, तेवढे पैसे नव्हते. होम मैदानावर गर्दीत उभं राहून चौघांनी शोभेचं दारूकाम पाहिलं आणि चालत घरी आले. मुलानं विचारलं, "आपण खोली सोडणार होतो ना?" त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पोरांना सगळं कळतं.

सात महिन्यांनी थकलेलं भाडं फिटलं. तो एक कट्टा वहिनीनं दुसरीकडं वळू दिला नाही, पोस्टात मुलीच्या नावानं टाकायला सुरुवात केली. भिशी संपली तेव्हा आणखी दोन त्यात गेले. नवऱ्याची उचल अजून पाच हजार बाकी आहे, तो आकडा आता देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर लिहिलेला असतो आणि पगाराच्या दिवशी नवराच तो खोडून नवा लिहितो. स्वतःचं घर त्यांना अजून मिळालेलं नाही. दर महिन्याच्या एका रात्री कट्टे फरशीवर मांडले जातात, आता पोरंही मांडायला बसतात.

गेल्या महिन्यात बोळातल्या दुसऱ्या एका बाईनं भाडं थकल्याचं सांगितलं. अक्काला ताप होता. तिनं वहिनीला निरोप धाडला, आणि वहिनी त्या रात्री रिकामं टोपलं घेऊन तिच्या घरी गेली.